चौदावी बशी

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना. चांगल्या दिवशी कामावर रुजू झालो. परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात ही संस्था आहे. बाहेरून कौलारू, आत शुभ्र पांढरी. कणकवलीकडच्या आमच्या शाळेत सव्वीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. पटावर मुलंच उरली नाहीत, शाळा बंद पडली. वाटलं होतं, आपलंही संपलं. पण देवाने काचेची भांडी पुन्हा हातात दिली.

राहायला करी रोडच्या चाळीत चुलतभावाची खोली मिळाली आहे. अक्षताचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं. तिची आई असती तर मला काही बघावं लागलं नसतं. आता माहेर म्हणजे मीच. दिवाळीत निलेशराव तिला आणून सोडतील. गॅलरीत तुळस लावली.

२५ सप्टेंबर

सहा विद्यार्थी इथे संशोधन शिकायला आले आहेत. सूक्ष्म जंतूंच्या पेशीत फेरफार करून त्यांना नवी सवय लावायची, हे त्यांचं शिक्षण. प्राची आणि सम्यक यांच्या जंतूला बकुळीचा वास येतो. खरंच येतो. तो ज्या काचेच्या बशीत वाढवतात तिचं झाकण किंचित उचललं तर आमच्या देवळामागची वाट आठवते.

इथल्या प्रमुख कालिंदी मॅडमनी मला नीट समजावलं. या जंतूला एक खुराक लागतो, तो फक्त आपल्या बाटलीत आहे. बाहेर गेला तर दोन दिवसांत मरतो. तरीही प्रत्येक बशीवर आकडा असतो, आणि काम झालं की मोजून सगळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, घालायच्या. ते काम माझं. जंतूंच्या आतल्या खोलीत जायला लागोपाठ दोन दारं आहेत. एक उघडं असेल तर दुसरं उघडतच नाही. मला ही शिस्त आवडली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

बाहेरच्या खोलीत पाटावर सरस्वती मांडली, तराजू आणि भिंग पुजलं. प्राचीने हळूच आतली एक बशी आणून देवीपुढे ठेवली. म्हणाली, काका, बाजारात फुलं कसली सुकलेली आहेत, त्यापेक्षा ही घ्या. मीही हसलो. बशीला हळदकुंकू वाहिलं.

सम्यक दारात हाताची घडी घालून उभा होता. म्हणाला, आमच्याकडे पूजा नसते काका, पण मोजणी असते. चौदा बश्या आहेत, चौदाच परत पाहिजेत. प्राची त्याला म्हणाली, तू आधी हस रे जरा.

३ ऑक्टोबर

आज बश्या कुकरमध्ये घातल्या. तेरा.

चौदावीवर हळदकुंकू होतं. ते निर्माल्य झालं. निर्माल्य घाणीबरोबर उकळायला माझा हात धजेना. कागदात गुंडाळून खोलीवर आणलं, तुळशीच्या मातीत रिकामं केलं, हाताने वर माती लोटली. वहीत चौदा लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या कागदावर खोटं लिहिलं. नाहीतरी जंतू दोन दिवसांत मरणारच होता.

९ ऑक्टोबर

सहा दिवस झाले. तुळशीला बकुळीचा वास येतो.

शेजारच्या कमलवहिनी मी नसताना पाणी घालतात. म्हणाल्या, भावोजी, काय वास येता हो तुमच्या तुळशीक, देव इलो जणू! सगळी गॅलरी खूश आहे. त्यांची गाभण मांजर कुंडीतच झोपते.

मी मात्र दिवसभर हात धुतो आहे.

१४ ऑक्टोबर

आंघोळ करताना उजव्या अंगठ्याचं नख निघून आलं. रक्त नाही. दुखलंही नाही. खाली सायीसारखं पांढरं, मऊ. त्याला तोच वास.

कमलवहिनींची तीन नखं गेली. डॉक्टरांनी नायटा सांगून मलम दिलं. कुंडी मातीसकट संस्थेत नेली, कुकरमध्ये घातली. तुळस वाफेत घातली मी. देवा, क्षमा कर.

खोलीतला वास गेला नाही. वास माझा आहे.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

मांजर व्याली. वहिनींनी हाक मारली म्हणून गेलो.

तीन पिल्लं. अंगात हाड लागत नव्हतं. पिठाच्या गोळ्यासारखी, मऊ. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणत होत्या, वास बघा भावोजी, वास बघा.

अक्षताला नववा लागला आहे.

१८ ऑक्टोबर

कालिंदी मॅडम नागपूरला आहेत. फोनवर सगळं कबूल केलं. रागावल्या नाहीत, त्याने जास्त भीती वाटली. बाहेर जगणं शक्यच नाही म्हणाल्या.

सम्यकला बोलावलं. माझ्या तळहातावरून कापूस फिरवून त्याने बशीत लावला. बिनखुराकाच्या. म्हणाला, काका, तुम्ही बशी लपवलीत? तुम्ही?

२० ऑक्टोबर

बशी भरून आली आहे. खुराक नसताना. सम्यक म्हणाला, त्याला तो तुमच्या अंगातून मिळतोय. मॅडम उद्या दुपारी चारला पोचतात, मग त्या आणि मी मोठ्या इस्पितळातल्या लोकांना घेऊन येऊ. तोवर कोणाच्या जवळ जाऊ नका. मुलीच्या तर नाहीच.

अक्षताला फोन केला, येऊ नकोस. ती म्हणाली, दिवाळीत कोणी असं सांगतं का बाबा, मी काय पाहुणी आहे? कारण सांगितलं, संस्थेत जाऊन राहतोय म्हणालो. रडायला लागली, म्हणाली, तुम्हाला ताप चढलाय.

मी संस्थेत आलो. आतल्या खोलीत. या शहरात माझ्यासाठी हीच एक जागा उरली. फोन बाहेरच्या कपाटात ठेवला, तसा नियम आहे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन, सकाळ

संस्थेला सुट्टी. पेन धरवत नाही, बोटांना फडकं बांधलंय. पोथीतलं एक पान पाठ म्हणायला घेतो आणि मधेच विसरतो. दात हलतात. दुखत नाही. काहीच दुखत नाही.

दुपार

ती आली आहे.

बाहेरचं दार ओढतायत. मी आतलं दार उघडं धरून उंबऱ्यात बसलोय, पाठ लावून. हे उघडं आहे तोवर ते उघडणार नाही. चारपर्यंत धरायचं. फक्त चारपर्यंत.

ओरडून सांगितलं. सगळं. मांजरीचंसुद्धा. निलेशराव म्हणतात, बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर नाही, आधी बाहेर या. ती म्हणते, बाबा, मी दाराशीच बसलेय, आत काय छान वास येतोय —

दाराच्या फटीतून. पायाने आतलं दार अडवून, हात लांबवून बाहेरच्या दाराच्या फटीला धोतर कोंबलं.

अडीच

ओढणं थांबलं. धोंडू वॉचमनचा आवाज. सांगतोय, टेन्शन नको साहेब, मेन स्विच पाडला की दोन्ही दारं आपोआप सुटतात, आगीसाठी तशी सोय केलीय —

नको. ओरडतोय, आवाज फुटत नाही, जीभ मऊ —

बाहेरचं दार मुठीत धरून ठेवीन. बोटं वळत नाहीत. ती तिथेच आहे, दाराला टेकून. बाळ लाथ मारतंय म्हणते, आजोबांचा आवाज ओळखतंय —

धोंडू जिन्याने खाली गेला. पावलं मोजतोय. अक्षता, मागे हो. बाळा, दारापासून मागे हो, ऊठ, तुला माझी —

दिवा गे