पूर्ण नाव, पत्ता व फोटो आवश्यक

२ नोव्हेंबर
आजपासून ‘अंगण’ माझ्या ताब्यात. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या एकशे चौदा लोकांचा ऑनलाइन ग्रुप. धाकट्या बहिणीने काढलेला. ती वकील, कोर्टाच्या तारखांतून वेळ मिळत नाही. म्हणाली, दादा, दोनच गोष्टी बघ. नको ती माणसं आत येऊ देऊ नकोस आणि आलेल्या माणसाला परकं वाटू देऊ नकोस. बत्तीस वर्षं आस्थापना शाखेत हजेरीपट सांभाळला मी. मला शिकवते.

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
यादी वाचली. एकालाही धड नाव नाही. टाचणी. उंबरा. जुनी चप्पल. ही मंडळी सरकारला जाब विचारणार आणि स्वतःचं नाव सांगायला लाजणार.

त्याच दिवशी, दुपारी
रोग सापडला. ओळख नाही म्हणून विश्वास नाही, विश्वास नाही म्हणून आपुलकी नाही. फॉर्म केला. पूर्ण नाव, व्यवसाय, राहता पत्ता, फोटो (गॉगल चालणार नाही). यादी सगळ्यांना दिसेल. घरच्यासारखं वाटायला हवं तर घर कुठे आहे ते कळायला नको? मुदत ७ तारीख.
बायको म्हणाली, अहो, हे लोक नावं का लपवतात ते धाकटीला विचारलंत का? मी म्हटलं, ज्याने काही केलं नाही त्याने लपवावं कशाला. ती भाजी निवडत राहिली. पटलं असावं.

५ नोव्हेंबर
फॉर्म आले नऊ. अन्यायाविरुद्ध उभे राहणार म्हणे, बसून एक कागद भरता येत नाही.
एक मात्र हिरा. ‘शिस्तप्रिय’. परवा आला, पहिला फॉर्म त्याचा. मला सर म्हणतो. लिहितो, सर, ग्रुपला अशाच माणसाची गरज होती. माणूस पारखायला मला दोन मिनिटं पुरतात. त्याला सहअॅडमिन केलं.

६ नोव्हेंबर
टाचणीचा खासगी मेसेज. ही सरकारी दवाखान्यात नर्स. कोठडीतून आणलेल्या लोकांच्या अंगावरचे वळ वहीत टिपून ठेवते, ती वही धाकटीच्या केसमध्ये पुरावा आहे. येत्या वीस तारखेला हिची साक्ष. लिहिते, दादा, माझं नाव बाहेर फुटलं तर नोकरी जाईलच, पण घरी मुलगी एकटी असते, तिची भीती वाटते.
उत्तर दिलं, अपवाद केला तर नियम कसला. आणि यादी आपल्याच माणसांना दिसते.

७ नोव्हेंबर, सायंकाळी ६
मुदत संपली. फॉर्म नऊच. मी हजेरीपटाचा रकाना आयुष्यात कोरा ठेवलेला नाही. धाकटीने दिलेल्या फाइलमध्ये सगळ्यांची खरी नावं-पत्ते आहेत. अडचणीपुरती दिली होती, कोणाला दाखवू नकोस म्हणाली होती. ही अडचणच. सर्वांच्या वतीने मीच भरायचं ठरवलं. सुरुवात टाचणीपासून, कारण तिचाच बाऊ फार. तिची ओळ भरली आणि माझी पाठ आखडली. बाकीचे उद्या.

८ नोव्हेंबर, सकाळी ८
धाकटीचा फोन. यादी तिने पुसून टाकली. शिस्तप्रियने ती उतरवून घेतली असेल का, हेच परत परत विचारत होती. मी म्हटलं, तो सहअॅडमिन आहे, त्याला अधिकारच आहे. तिने फोन आपटला. वकिलांना ऐकून घ्यायची सवय नसते.

९ नोव्हेंबर
टाचणीच्या दारासमोर दोन माणसं मोटरसायकल लावून दिवसभर बसली होती म्हणे. मुलगी शाळेतून आली तेव्हा तिला नावाने हाक मारली. रस्ता सार्वजनिक आहे. मुलांशी कोणीही बोलतं.
सदस्य एकसष्ट. कचरा गळतोय.
शिस्तप्रियही गेला. निरोप ठेवून गेला, सर, काम झालं, आभारी आहे. कसलं काम ते लिहिलं नाही. पण सांगून गेला. याला म्हणतात वळण.

११ नोव्हेंबर
घरात पाहुणे. बायकोची कोणी मैत्रीण आणि तिची मुलगी. मागची खोली त्यांना, माझं टेबल व्हरांड्यात. दोनदा नाव विचारलं. दोन्ही वेळा बायकोनेच मला काहीतरी आणायला पिटाळलं. मुलगी खिडकीचा पडदा सरकवू देत नाही. लाड.
सुरीने अंगठा कापला. मैत्रिणीने पट्टी बांधली. इतकी सफाई दवाखान्यातही बघितलेली नाही.

१३ नोव्हेंबर
सदस्य एक. मी.
खचलेलो नाही. नव्याने सुरुवात, आणि घरातूनच. पाहुण्या बाईंना पहिली सदस्य करणार. पट्टी बदलताना त्यांच्या नकळत फोटो काढला. खाली शिस्तप्रियसकट गेलेल्या सगळ्यांना पाठवायचा मजकूर लिहिला, सुस्वागतम्, आमच्याच घरी, मागच्या खोलीत.

त्याच दिवशी, दुपारी ४
बायकोने स्वयंपाकघरात बोलावून दार लावलं आणि मागच्या खोलीत कोण आहे ते सांगितलं. वीस तारखेपर्यंत इथेच राहणार.
मी विचारलं, माझ्याच घरात, आणि मला तीन दिवस पत्ता नाही?
ती म्हणाली, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही स्वागताचा मेसेज टाकला असता.
तिने हात पुढे केला, मी फोन दिला. मेसेज लिहून तयार होता, फक्त पाठवायचा राहिला होता.