लतीफभाई गाडीने जाणार होते

११ जाने., रवि.
लतीफभाईंचं कझाकस्तानचं तिकीट झालं. पंप बसवायचाय, आठ दिवसांचं काम. शेवटचा टप्पा गाडीने जातो म्हणत होते. "मॅडम, त्या छोट्या विमानाची भीती वाटते." मी हसले. साहेबांना मंगळवारी माणूस साइटवर हवा. गाडीने बुधवार झाला असता. विमानच बुक केलं.

१३ जाने., मंगळ.
दुपारी फोन. उतरताना विमान बर्फावरून घसरलं, धावपट्टीबाहेर गेलं. अकरा जण. बाकीच्यांना खरचटलंय. लतीफभाईंची सीट उखडली. शुद्धीत आहेत. पाय हलत नाहीत.
त्यांच्या बायकोला मी सांगायचं ठरलं. इथे आखातात, आमच्या ऑफिसात मराठी मलाच येतं म्हणून. अल मुंतझाला त्यांच्या घरी गेले. झुबेदाभाभी सुरमई साफ करत होत्या. हात तसेच ओले. "चालतात ना पण ते?"
डॉक्टर बघतायत, म्हटलं.

१४, बुध.
तिथल्या दवाखान्यात स्कॅनचं मशीन नाही. मोठ्या शहरात न्यायला विमान हवं, तर धुकं. रस्ता आज पहाटेपासून बंद. काल रात्रभर चालू होता, गाडी पोचली असती. तीनदा विचारून खात्री केली. कशाला केली?
दिवसभर विमा कंपनी, वकिलात, दवाखाना, परत विमा. सगळे गोड बोलतात. कुणाच्याच हातात काही नाही.

१५, गुरु.
व्हिडिओ कॉल लागला. भाभी, मी, त्यांची मुलगी सानिया. लतीफभाई छताकडे बघूनच बोलत होते. मान पट्ट्यात. मला म्हणाले, "मॅडम, पंपाचं आता कोण बघणार?"
सानिया म्हणाली, "अब्बा, पायाचं एकच बोट. जस्ट वन. ट्राय ना."
त्यांनी डोळे मिटले. घट्ट. पांघरूण हललं नाही.

१७, शनि.
धुकं तसंच. उणे एकतीस.
भाभी : "विमानाला एवढे घाबरतात, मग बसले कसे?"
साहेबांना घाई होती, म्हटलं. खोटं नाही. पण...

१८, रवि.
साहेब म्हणाले, अपघात आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि कुणाला लेखी काही देऊ नकोस.
रविवारीही ऑफिस असतं इथे. सुटल्यावर मुशैरिबहून थेट भाभींकडे. सगळं सांगून टाकलं. ते गाडीने जातो म्हणाले होते, मीच ऐकलं नाही.
भाभींनी चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला.
"ठाऊक आहे मला. निघताना बोलले होते, मॅडम हसल्या म्हणून."
म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रागावलात का, एवढंच विचारलं.
"रागावून काय करू, ताई? तिकडे फोन तुमच्याशिवाय कोण लावणार?"
कप बाजूला ठेवून दवाखान्याचा नंबर लावला.

१९, सोम.
सकाळी धुकं विरळ झालं. रुग्णविमान निघालंय, त्याच धावपट्टीवर उतरणार. रात्री पुन्हा बर्फ पडलाय म्हणे. विमा कंपनीला विचारलं, उतरवणं बरोबर आहे का? पायलट ठरवेल, म्हणाले.
भाभी ऑफिसात आल्यात, माझ्या शेजारी बसल्यात. पाऊण तासात उतरायला हवं होतं. एक तास दहा मिनिटं झाली. विमा कंपनीला फोन लावतेय. उचलत नाहीत.