तळघर धाकटीचे

मी, या द्राक्षमळ्याच्या तिसऱ्या पिढीची सून, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकात वा भिडेत न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. एवढे लिहून भागणार नाही, कारण "आईचं डोकं आता ठिकाणावर नाही," असे माझा मुलगा गावभर सांगत फिरतो. म्हणून गेल्या मंगळवारी मी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी वार, तारीख विचारली. मी म्हटले, "हे कोणीही सांगेल. माझ्याकडे पाठ करा आणि पाच ग्लास भरा." चार वाइन कोणत्या सालच्या आणि मळ्याच्या कोणत्या तुकड्यातल्या, ते मी सांगितले. पाचवा ग्लास ओठांना लावून खाली ठेवला. "डॉक्टर, ह्यात तुम्ही पाणी घातलंय." घातले होते. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. यजमानांमागे माझ्या नावावर झालेले राहते घर मुलाला मिळावे. मागच्या खोलीत ओल येते, ती त्याने बघावी. त्याच्याशी माझे वैर नाही. पण मळा घेऊन तिथे हॉटेल उठवू पाहणाऱ्या माणसांना तो माझ्याच टेबलाशी चव घ्यायला घेऊन आला. त्यांच्यातल्या एकाने घोट घेतला, खिडकीबाहेर बोट दाखवले आणि विचारले, "ही झुडपं काढायला किती दिवस लागतील?"

"आठवडा," माझा मुलगा म्हणाला.

मी बाटलीला बूच लावले आणि पाहुण्यांना दार दाखवले.

२. मळा, तळघर, त्यातली एकतीस पिंपे आणि चव घेण्याची खोली, सगळे धाकटीला, म्हणजे माझ्या मुलीला. का, ते लिहिणे भाग आहे.

मी या घरात आले तेव्हा बायकांनी तळघरात पाऊल टाकायचे नाही, असा मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, दंडक होता. पुढे एका तापात त्यांची वास घेण्याची शक्ती गेली आणि तिच्याबरोबर चवही. त्यांनी कोणाला कळू दिले नाही. मला कळले, कारण आंबून गेलेल्या पिंपातली वाइन पिऊन ते जेवताना म्हणाले, "यंदा काय उतरलीय!" दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात एकटी असताना ते दारात उभे राहिले. "सूनबाई, जरा खाली येता का?"

अकरा वर्षे मी खाली जात राहिले. काचेच्या नळीने पिंपातून घोटभर काढायची, चव घ्यायची, त्यांच्या कानात सांगायचे. कोणते पिंप कशात मिसळायचे, कोणते अजून वर्षभर ठेवायचे, सगळे मी ठरवायची. वर पाहुणे आले की तेच शब्द ते स्वतःचे म्हणून ऐकवत. मी ग्लास विसळायची. यजमानांना ठाऊक होते, पण वडिलांपुढे त्यांनी कधी ब्र काढला नाही.

एकदा एका पाहुणीने विचारले, "आणि ह्या काय करतात?"

"सूनबाई ग्लास फार छान धुतात," मामंजी म्हणाले. सगळे हसले.

मी ट्रे खाली ठेवला. आत जाऊन दोन ग्लास भरून आणले. एकात आमची सर्वांत चांगली, दुसऱ्यात आंबलेली. "मामंजी, ह्यातली टाकून द्यायची कोणती?"

त्यांनी दोन्ही हुंगले, दोन्ही चाखले. हात एका ग्लासाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. शेवटी ते म्हणाले, "सूनबाई, तुम्ही सांगा." आणि खुर्चीवरून उठून मला जागा दिली. त्याच महिन्यात त्यांनी मळा आणि तळघर माझ्या नावावर केले. त्यांच्या त्या अडलेल्या हाताचे मला आजही वाईट वाटते. विचारल्याचे वाटत नाही.

आता माझी चूक. धाकटीने तळघरातले काम शिकायचे म्हटले तेव्हा मी म्हणाले, "ते भाऊ बघेल." मी! ती घर सोडून गेली, बारा वर्षे परक्यांच्या मळ्यांत राबली आणि तडकलेले हात घेऊन परत आली. त्या दिवशी मी पाहुण्यांना सहाव्या पिंपातली पाजत होते. तिने घोट घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, ही अजून तयार नाही."

मला राग आला. मग मी पुन्हा चाखली. तिचे बरोबर होते.

३. यजमानांची छाटणीची कात्री मुलाला. कपाटात ठेवू नये. एक हिवाळा बहिणीबरोबर वेली छाटाव्यात, मग काय ते बोलावे.

४. यावर कोणाला दावा लावायचा असेल त्याने खुशाल लावावा.

५. फाटकावरच्या पाटीवर आमच्या आडनावापुढे 'आणि पुत्र' असे आहे. माझ्या पश्चात ते पुसावे, असे मी इथे लिहिणार होते. मग म्हटले, वाट कशाला बघायची? आज सकाळी स्वतः शिडीवर चढले आणि दोन्ही शब्दांवर पांढरा रंग फिरवला. धाकटी खाली शिडी धरून ओरडत होती, "आई, उतर! पडशील!"

पडले नाही. त्या जागी काय लिहायचे ते तिने ठरवावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
सही: (सून)

आमच्यासमोर, आम्ही शुद्धीत व त्या आमच्याहून जास्त शुद्धीत असताना त्यांनी सही केली:
साक्षीदार १: पिंपे बांधणारा
साक्षीदार २: डॉक्टर

स्थळ: चव घेण्याची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: द्राक्षतोडणी संपल्याचा तिसरा दिवस, सकाळी अकरा