घंटेवाला, ढाल आणि तुझ्या भावोजींचं बोट

चि. धाकट्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी मान आता दोन्ही बाजूंना वळते का, की अजून फक्त वहिनीच्याच बाजूला? तिला म्हणावं, शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळून लाव, नाहीतर दुखणं मानेचं आणि फोड कातडीवर. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे कालपासून ठीक आहोत. त्याआधीचे पाच आठवडे कसे गेले ते सांगायला बसलेय, तेव्हा चहा घेऊनच वाच.

एकतीस वर्षं लिफ्टच्या विहिरीत लोंबकळून साधा ओरखडा न आलेला माणूस स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना स्टुलावरून पडला, हे तुला माहीत आहेच. डाव्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं, पण बोटं आखडली ती आखडलीच. पिळायला दिलेला रबरी चेंडू ह्यांनी कपाटामागे टाकला (पडला म्हणे). मग हात खिशात, तोंड बंद, आणि दिवसभर खिडकीतून समोरच्या इमारतीची काचेची लिफ्ट बघत बसायचं. ती मध्येच अडकली की तेवढे खूश. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा ऑपरेशन. त्यावर तू टीव्हीवर खेळायचा हा खेळ पाठवलास, म्हणजे बोटं आपसूक हलतील. मला वाटलं, पत्ते असतील, नाहीतर मोटारी. निघाला चिलखतातला शिपाई, आणि त्याच्यासमोर पुलावर उभा एक ताडमाड राक्षस, हातात साखळी, साखळीला पिंपाएवढी घंटा. आजारी माणसाला हे पाठवायचं तुला सुचलं कसं, ते समोरासमोर विचारीन.

तर ह्या घंटेवाल्यापुढे तुझे भावोजी पहिल्या दिवसापासून ढाल वर धरून उभे. घंटा आदळायची, शिपायाचा दम (ती हिरवी पट्टी) संपायचा, ढाल उडायची आणि पाठोपाठ शिपाई. मी शेजारी बसून सांगायची, अहो, बाजूला कोलांटी मारा, फटका लागतच नाही. (तीस वर्षं बालवाडी सांभाळलेय मी. लाकडी ठोकळा अंगावर येताना ढाल शोधत बसले असते तर आज हे पत्र लिहायला उरले नसते.) पण ह्यांचं आपलं एकच. ढाल दिलीय कशाला? लिफ्ट पडत नाही, कारण ब्रेक धरून ठेवतो. कोलांट्या मारणारी लिफ्ट बघितलीस कधी? असे आम्ही सकाळ-संध्याकाळ भांडलो. तेवढं तर चार महिन्यांत बोललो नव्हतो, म्हणून मी मनातून तुला दुवा देत होते. पण एका सकाळी ओळीने अकरा वेळा मेले तेव्हा माझा तोल गेला आणि मी म्हटलं, "तुम्ही मुळात भित्रेच." त्यांनी खेळाचा तो बटणांचा कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि हात पुन्हा खिशात.

त्याच दिवशी बोटांच्या व्यायामाला जायचं होतं. तिथली फिजिओ मुलगी (केस बारीक कापलेले, स्वतःची बोटं मात्र पक्कडीसारखी) ह्यांना विचारते, "काका, घरी काय करता?"

"राक्षसाशी लढतो," हे म्हणाले.

तिने खेळाचं नाव विचारलं आणि उडालीच. तिनेही म्हणे घंटेवाल्यापायी एक अख्खी सुट्टी घालवलेली. खणातून जुना कंट्रोलर काढून ह्यांच्या हातात दिला. "ढालीचं बटण दाबा. आता सोडा."

ह्यांनी दाबलं. सोडलं नाही. म्हणजे सोडत होते, कपाळाला घाम आला सोडताना, पण बोट तिथेच चिकटलेलं.

"असं आहे होय," ती म्हणाली. "बोट उठत नाही म्हणून ढाल उतरत नाही. ढाल वर असली की दम भरून येत नाही, आणि दम नसला की कोलांटीही निघत नाही."

मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिले. धाकट्या, ब्रेकचं तत्त्वज्ञान आणि सगळी तणतण कशासाठी होती, तर बोट उठत नाही हे मला कळू नये म्हणून. आणि मी त्या माणसाला सकाळी भित्रा म्हटलं होतं.

मुलगी म्हणाली, "आता पॅरी शिकायची. घंटा अंगावर येईल त्या क्षणी बटण टिचकीसारखं दाबून सोडायचं. जमलं तर तोच कोलमडतो, चुकलं तर आपण गेलो." आणि तेव्हापासून आमच्या घरी तीन आठवडे टिचक्या. मी "आत्ता!" म्हणून ओरडायची आणि दर वेळी आधीच ओरडायची. शेवटी ह्यांनी मला खोलीबाहेर काढलं आणि चक्क डोळे मिटून खेळायला लागले. घंटा उचलताना कुरकुरते, म्हणे, आणि कुरकुर थांबली की पडते. जन्मभर लिफ्टचे दोर ऐकलेला माणूस तो.

काल जेवणानंतर मी भांडी घासत होते, तर आतून हाक, "अगं! अगं, लवकर ये!" इतकी मोठी हाक की मला वाटलं पुन्हा पडले. ओल्या हातांनी धावले. बघते तर घंटेवाला गुडघ्यांवर, आणि हे त्याच्याकडे नुसते कौतुकाने बघतायत. तो उठायला लागला तरी बघतायत! "अहो, मारा की त्याला!" मी किंचाळले, तेव्हा कुठे तलवार चालली. मग माझ्यासमोर डावा हात धरला, मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. मी त्या मुठीत भांडी पुसायचं फडकं दिलं. चार वाट्या पुसल्या त्यांनी. एक फोडली.

वहिनीला आशीर्वाद, मानेला जप.

तुझी,
ताई

ता. क. हे तुझ्यापाशीच ठेव. घंटेवाल्याला मी तीन आठवड्यांपूर्वीच लोळवलंय, हे आंघोळीला गेले असताना, निव्वळ कोलांट्यांवर. माझा शिपाई वेगळा काढलाय. तो दोन पूल पुढे आहे.

ता. ता. क. पत्राचं कारण म्हणजे, तिथे ती दोन तलवारींची बाई आहे ना, तिच्या तिसऱ्या वारानंतर कोलांटी डावीकडे मारायची की उजवीकडे? पत्रानेच कळव. फोन नको. हल्ली फोन तेच उचलतात, डाव्या हाताने.