अमृतचं अळणी ताट

काष्टी, १२ जानेवारी २०२६

चि. सौ. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद. वि. वि.

फोनवर अमृत कान देऊन बसतो, म्हणून पत्र. महिन्याच्या रजेवर तू त्याला इकडे पाठवलंस तेव्हा माझं लेकरू अंगानं तरी धडधाकट होतं. आता चहाचा कप धरला तरी हात थरथरतो, कालपासून उलट्या होतायत. हे तुझ्या त्या पांढऱ्या गोळ्यांचंच काम. शेजारची छबूबाई म्हणते, सुनेला नवरा मुठीत ठिवायचाय, म्हंजी गुंगीचंच औषध असनार. मी तिला गप्प केलं, पण माझी झोप उडाली. डोक्यातली रसायनं बिघडतात, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?

माझ्या घासात खोट नाही. तो आला त्याच दिवशी देवीला नवस बोलले, पोरगं डोक्यानं बरं होईपर्यंत त्याचं ताट अळणी. मिठाचा कण घालत नाही. मग दोष कुणाचा?

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

मालनबाई

सुपा, २० जानेवारी

ती. आईंस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताच, गोळी थांबवा आणि ह्यांना आधी दवाखान्यात न्या, असं फोनवर तुमच्यावर ओरडले, माफ करा. दवाखान्यात सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, म्हणून कामावर परतल्यावर लिहिते. फोनवर ह्यांची जीभ जड लागायची तेव्हा मलाही संशय यायचा, की तुम्ही कुणा भगताकडचं काही पाजताय.

मेंदूत नेमकं काय बिघडतं, ते डॉक्टरांनाही पुरतं उलगडलेलं नाही. पण ह्या लिथियमच्या गोळीनं तोल राहतो. नाहीतर कधी रात्र-रात्र जागून गाणी, कधी भिंतीकडे तोंड. जेवणातलं मीठ एकदम तोडलं, की गोळी शरीराबाहेर जात नाही, रक्तात साचते. तीच बाधली.

आता रक्त तपासून गोळी पुन्हा सुरू होईल. तुम्ही द्याल ना? मागं त्यांनी ती सोडली, तेव्हा मी त्यांना विहिरीच्या काठावरून ओढून आणलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमच्या आशीर्वादाची वाट बघणारी,
ज्ञानेश्वरी

काष्टी, २७ जानेवारी

चि. सौ. ज्ञानेश्वरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

विहिरीचं वाचलं आणि आधी जाऊन तो झोपलाय ना ते बघून आले. एवढं एकटीनं पोटात ठेवलंस, आणि मी तुलाच बोल लावला. लाज वाटते गं.

गोळी कालपासून सुरू झाली. मीच देते, तो गिळेपर्यंत समोर बसते. मीठही डॉक्टरांनी सांगितलं तसं, रोजच्याइतकं. छबूबाईला बजावलंय, गोळीचं नाव काढायचं नाही.

नवस मोडायचं धाडस होत नाही, म्हणून तो माझ्यावर घेतला. आता मीच अळणी जेवते. पंचाईत एवढीच, की त्याची भाजी चाखता येत नाही. तो पहिला घास घेतो आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते. तुझ्यावर संशय घेऊन झाला, आता माझ्याच हाताचा येतो.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते. रविवारी ये, आणि भाजी तू चाख.

तुझी,
आई