अंगठ्याची पारख

ता. ४ मे, रविवार

चि. पान्यास,
अ. उ. आशीर्वाद.

फोन सोडून पत्र लिहायला बसले म्हणजे ताईचं काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील. घरात फोन एकच, तोही बाबांच्या खुर्चीला खेटून, आणि सांगायचंय ते बाबांबद्दलच. म्हणून हा उद्योग.

काल शनिवार, त्यामुळे आईला डायलिसिसला नेताना मीही गाडीत होते. मंगळवारी आणि गुरुवारी मला शाळेच्या ऑफिसातून सुटता येत नाही, तेव्हा ती दोघंच जातात. बाहेर उन्हाचा नुसता भडका, आणि बाबांनी गाडीत हीटर पूर्ण सोडलेला! मला वाटलं चुकून फिरला असेल. मी बंद केला, तर माझ्या हातावर चापट मारून त्यांनी परत सुरू केला. आई म्हणाली की मंगळवारपासून असंच चाललंय. आपल्याला थंडी वाजते म्हणून हे करतात असं तिला वाटलं, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून बिचारी घामाने निथळत गप्प बसली.

घाटाच्या चढावर मी इंजिनाच्या तापमानाचा काटा पाहिला. लाल पट्टीला टेकायच्या बेतात होता. हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता आत येते आणि काटा जरा उतरतो. म्हणजे बाबा ती सगळी आग आईच्या अंगावर काढतायत.

मी पार्ट बदलायचं नाव काढलं आणि तोफेच्या तोंडी गेले. सतरा वर्षांच्या गाडीला थोडी कुरकुर असायचीच, जुन्या गाडीत एक पार्ट हलवला की तीन मोडतात, उघडून ठेवल्यावर आईला खांद्यावर नेशील का, असं सगळं ऐकून घेतलं. शेवटी, डेपोच्या हेड फिटरला शिकवू नकोस, हे आलंच.

पान्या, मला झोप नाही. घाटात अर्ध्या वाटेवर ना वस्ती ना फोन. आईची एक खेप चुकली की पाय सुजतात. दोन चुकल्या तर काय, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. तू आता त्याच धंद्यातला आहेस, तूच सांग काय करायचं ते.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेली,
ताई


ता. ८ मे, गुरुवार

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चाळिशीला आलो तरी मला पान्या म्हणणारी तू एकटीच उरलीस. लहानपणी पाना उशाला घेऊन झोपायचो त्याची शिक्षा जन्मभर.

बाबांचं सगळंच खोटं नाही. गरम पाण्याचा जुना रबरी होज पाइप उपटताना रेडिएटरची नळीच हातात येते, हे मी स्वतः केलंय. पण रबर आतून कुजतं, वरून चकचकीत दिसतं. आमच्या डेपोत आता वय बघून बदलतात. पाच वर्षं झाली की होज, थर्मोस्टॅट, वॉटर पंप सगळं एकदमच, चांगलं दिसो वा न दिसो. बाबांच्या काळी अंगठ्याने दाबून ठरवायचे. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दाबून बघायचे आणि म्हणायचे, अजून दोन महिने. दोन महिन्यांनी तो फुटायचाच. खरं सांगतो, बाबा होज चांगला म्हणत असतील तर माझा विश्वास अजूनही त्यांच्या अंगठ्यावर आहे.

तरी तू एकदा बघ. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना. इंजिनावरून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज, त्याची दोन्ही टोकं दाब. ताठ लागला तर ठीक. मऊ, लिबलिबीत लागला तर लगेच लिही. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस.

आणि गाडी उघडायला वेळ आहे. शनिवारी दुपारी तुम्ही परत आलात की मंगळवार सकाळपर्यंत ती रिकामी असते. तेवढ्यात काम होतं.

आईला माझा नमस्कार. तुझ्या रागासकट सगळ्या प्रेमाचा हक्कदार,
तुझा भाऊ


ता. ११ मे, रविवार

चि. पान्यास,
अ. उ. आशीर्वाद.

बाबा आंघोळीला गेले तेव्हा बॉनेट उघडलं. खालचं टोक बरं होतं. वरचं दाबलं. पिकलेल्या केळ्यात जावं तसं बोट आत गेलं, आणि सोडलं तरी खळगा तसाच.

बाबा टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले. मी म्हटलं की हा मऊ पडलाय. त्यांनी तीच जागा माझ्यासमोर दाबली, नीट, दोनदा, आणि म्हणाले की दगडासारखा आहे. खोटं बोलत नव्हते रे. बाबांचा खोटं बोलतानाचा चेहरा आपल्याला माहीत आहे. त्यांना खरोखरच तसं लागलं.

मग माझी नजर त्यांच्या अंगठ्याकडे गेली. टोकाला मोठा फोड, फुटून कातडी लोंबत होती. मी विचारलं की हे कधी भाजलं. त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पाहिला. म्हणाले, झाकण उघडताना असेल. दुखतो का विचारलं तर चिडले.

साखरेच्या आजारामुळे बाबांच्या पायांना चटका कळत नाही, हे डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच म्हणाले होते. हातांचा विचार आपण कुणी केलाच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर अंगठ्यावर भाकरी मिळवली, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगू? माझ्याने होणार नाही. तू सांग.

मंगळवारची खेप तोंडावर आहे.

घाबरलेली,
ताई


ता. १४ मे, बुधवार

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन्ही होज, थर्मोस्टॅट, पंप, क्लिपा आणि कूलंट आजच पार्सलने पाठवलंय. शुक्रवारी पोचेल. शनिवारी आईला शेजारच्या पोस्टमास्तरांच्या गाडीतून ने. त्यांचे पाय धरायची वेळ आली तरी धर.

काल मी बाबांना फोन लावला. सांगायचं ठरवूनच लावला होता. त्यांनी हॅलो म्हटलं आणि मी हवा कशी आहे ते विचारून ठेवून दिला. इतका भित्रा आहे मी. हे पत्र पोचेपर्यंत गुरुवारची खेपही त्याच होजवर होऊन गेलेली असेल. आज मी एका बसचा नट उलटा आवळला. मन थाऱ्यावर नाही.

पार्सल पोचल्याबरोबर फोन कर. बाबा शेजारी असले तरी कर.

पान्या


ता. १९ मे, सोमवार

चि. पान्यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्हा भावाबहिणींचा पत्रव्यवहार ताईने मला वाचायला दिला. भित्रा आहेस, हे बरोबर लिहिलंस. मीही आहे.

गुरुवारी तिसऱ्या वळणावर काटा लाल पट्टीत गेला. गाडी कडेला घेतली आणि तुझ्या आईला म्हणालो की जरा देखावा बघू. मी देखावे बघणारा माणूस नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी ती अर्धा तास दरीकडे बघत बसली.

शुक्रवारी तुझं पार्सल आलं. तुम्हा दोघांना खोटं पाडायच्या इराद्याने उघडलं. नवा होज डाव्या हातात घेतला, जुना उजव्या अंगठ्याने दाबला. मग हात बदलून. मग डोळे मिटून. दोन्ही सारखेच लागले. बॉनेट मिटलं आणि नवा परत खोक्यात ठेवला. ताई खिडकीतून बघत होती, पण बाहेर आली नाही. तेवढी समज तिला आहे.

शनिवारी आईला पोस्टमास्तरांनी नेलं. दुपारपासून ताईचे हात आणि माझं तोंड, असं काम चाललं. रविवारी दुपारी संपलं. रेडिएटरची नळी शाबूत राहिली, म्हणजे तेही माझं चुकलंच. जुना होज कापून बघितला. आत चिरा पडून धागे बाहेर आले होते. आणखी एक चढ काढला नसता त्याने.

आता जे सांगतो ते ताईनेही तुला सांगितलेलं नाही. डायलिसिस चालू असताना ताप आला तर एक तासही थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते काम मी अंगावर घेतलं होतं. रोज तुझ्या आईच्या कपाळाला हात लावून मी सांगायचो की ताप नाही. रविवारी संध्याकाळीही तसंच सांगितलं, आणि हात काढताना मला एकदम कळलं की हा तोच हात आहे. पोस्टमास्तरीणबाईंकडून थर्मामीटर आणवला. एकशे दोन.

ताईने गाडी काढली. तिला मीच शिकवली, पण घाटात कधी दिली नव्हती. काटा मध्यावरून हलला नाही. डायलिसिससाठी बसवलेल्या नळीपाशी जंतू धरले होते. तुझ्या आईला ठेवून घेतलंय, औषध लागू पडलंय, आज सकाळी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले की वेळेत आणलंत, काळजी नको. पण ताप चारपाच दिवस संध्याकाळी येऊनजाऊन असावा, असंही म्हणाले.

मी तिला विचारलं की अंग तापल्याचं तुला कळत नव्हतं का. ती म्हणाली की कळत होतं, पण तुम्ही रोज नाही म्हणत होतात.

दोन दिवसांची रजा काढून ये. तुझ्या आईला तुला बघायचंय, आणि मलाही.

तुझा,
बाबा