दुसरी पेटी 'यापा' नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्राहक तक्रार अधिकारी,
बाजार विभाग, कोचाबांबा.

विषय: आजीच्या शवपेटीसोबत आलेली दुसरी शवपेटी 'यापा' नाही, असा लेखी दाखला ३० नोव्हेंबरपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ: 'चिरशांती' शवपेटी भांडाराच्या दारावरील फलक.

महोदय,

१. अर्जदाराची आजी एमेतेरिया १९ ऑक्टोबर रोजी वारली. अर्जदार व त्याची आई साबिना पेटी आणावयास सदर भांडारात गेले. पेटीवरील चिठ्ठीत ३,६०० बोलिव्हियानो खोडून १,९९९ केलेले होते. दारावर फलक होता: 'एक १,९९९, दोन २,४९९.' एकच घेतल्यास नुकसान आहे, असे अर्जदाराने आईस पटवून दिले. आजी एकच होती, ही बाब त्या वेळी विचारात घेतली गेली नाही.

२. आई तरीही घुटमळत होती. तेव्हा मालक, बाजारात नेहमीच्या माणसाला हाक मारतात तसे, म्हणाले, "अहो कासेरिता, तुम्ही काय परक्या आहात? दुसरी यापा समजा आणि न्या!" येथे घात झाला. आई एकतीस वर्षे बाजारात बटाटे विकते. तोलून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून जे दोन बटाटे पडतात, तो यापा. यापा मागता येतो, परत करता येत नाही. केल्यास देणाऱ्याचा अपमान व घेणाऱ्याच्या घरी अवदसा, असे आई मानते. मालकांची आईही बाजारातलीच असल्याने त्यांना हे ठाऊक असावे.

३. एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, दुपारी बारा वाजता रीतीप्रमाणे मृतात्मे जेवायला आले. दोन तारखेस बारा वाजता परत गेले. आजी गेली नाही. तिच्यासाठी सणाला भाजलेला बाहुलीच्या आकाराचा पाव रोज थोडा कुरतडलेला सापडतो. (उंदीर नाहीत. पिंजरा लावून पाहिला आहे.) दुसरी पेटी जेवणाच्या टेबलामागे उभी आहे. रोज बाराला तिचे झाकण आतून कुणी बोटांनी वाजवावे तसे वाजते. अर्जदार गल्लीत थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध आहे, तरी हे त्याने स्वतः ऐकले आहे. आई म्हणते, "माझ्यासाठी थांबलीय ती. एकटी कशी जाईल?"

४. पेटीच्या आत दुसरी चिठ्ठी निघाली: 'शववाहिका, फुले व चार मेणबत्त्या मोफत. मुदत ३० नोव्हेंबर.' ती वाचल्यापासून आईने रात्रीचे जेवण सोडले आहे. दहा तारखेस ती चपलांसकट पेटीत आडवी झाली व म्हणाली, "बघ रे, लांबी पुरते का?" अर्जदार सवयीने म्हणाला, "पुरते की. अजून वाढायची आहेस का तू?" आई हसली नाही. म्हणाली, "आत्ता गाडी फुकट आहे. नंतर तुला झेपणार आहे का?" डॉक्टरांनी तपासले. आजार काही नाही. सवलत आहे.

५. अर्जदार पेटी परत घ्या म्हणून सांगावयास गेला असता मालक म्हणाले, "आजवर कुणी पेटी परत आणली नाही, आणि वापरल्यावर तक्रारही केली नाही." तेथे चिठ्ठ्यांचा नवा गठ्ठा पडला होता. ३,६०० हा आकडा छापखान्यातूनच खोडून आला होता. म्हणजे ती किंमत जन्मतःच मेलेली. कुणी एक दिवसही ती मोजली नाही. जी कधी जगलीच नाही, ती आमच्या घरी मात्र मुक्कामाला आहे.

६. हे आईस सांगितले. ती म्हणाली, "किंमत खोटी असेल. यापा कसा खोटा असेल?" सबब विनंती की, ज्यावर किंमत छापली आहे तो यापा होत नाही, एवढे एक वाक्य शिक्क्यासह द्यावे. आई अर्जदारावर विश्वास ठेवत नाही, शिक्क्यावर ठेवते. दाखला पाहताच ती पेटी स्वतः ढकलत नेईल. पैसे परत नकोत.

७. विलंब करू नये. कालपासून आई प्रत्येक गिऱ्हाइकास विकत घेतलेल्या मालाहून जास्त यापा घालते आहे. का विचारले तर म्हणते, "घे गं बाई, पुन्हा भेट होते न होते." चार पोती उरली आहेत.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
ग्रोव्हर ताकिचिरी रोचा
दि. २४ नोव्हेंबर

सोबत:
(अ) पेटीवरील चिठ्ठी, खोडलेल्या किमतीसह.
(आ) बटाटे, नग दोन. अर्ज कुठे नेतोस म्हणून आईने विचारले. साहेबांकडे, एवढेच सांगितले, तर तिने हे आपल्यासाठी दिले. यापा असा असतो. कृपया परत करू नयेत.